डाव्या पायावर उभा खांब

आमच्या खो-खोच्या सरांनी उभ्या आयुष्यात कुणाचं तोंड नीट पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. ते पाय बघायचे. चिंचवडच्या आमच्या शाळेत वर्गशिक्षक हजेरी घ्यायचे नावांनी, सर घ्यायचे पायांवरून. मान खाली घालून रांगेसमोरून चालत जायचे आणि "हा फताड्या आला, हा चवड्यांवरचा आला, तो कोंबडीच्या पायांचा कुठाय?" असं करत अख्खा संघ मोजून मोकळे व्हायचे. मी त्यांच्या लेखी 'डावखांब' होतो, कारण उभा राहिलो की सगळा भार डाव्या पायावर. "एसटीची वाट बघतोयस का रे?" म्हणून रोज ओरडा खायचो. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले, तेव्हाही म्हणे पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीच्या पावलांकडे बघूनच "होकार कळवा" म्हणाले. खरंखोटं देव जाणे, पण संसार चाळीस वर्षं टिकला. "तोंड शिकवून तयार करता येतं रे," ते म्हणायचे, "पायांना खोटं बोलता येत नाही."

हे वाक्य मी विसरलो आणि तिथेच सगळी गोची झाली. मी गेली बारा वर्षं सिडनीत, टूनगॅबीला राहतो. एका गणपतीत जेवताना कुणीतरी विचारलं, "तुम्ही काय खेळायचात?" आणि मी भरल्या ताटावर थाप मारली, "खो-खो. शाळेचा कॅप्टन होतो." झालं! इथल्या शनिवारच्या मराठी शाळेच्या खेळांची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. आता खरं सांगतो. मी बारावा गडी होतो. खो-खोत नऊजण मैदानात उतरतात आणि तिघे राखीव बसतात, त्या तिघांतला मी तिसरा. तीन वर्षं एक दिवस सराव चुकवला नाही, आणि तीन वर्षांत एकाही सामन्यात माझं पाऊल मैदानात पडलं नाही. पण थाप एकदा मारली की निस्तरायची कुणी? माझा मुलगा निहार मित्रांना "माय डॅड वॉज द कॅप्टन" सांगत फिरायचा आणि मी मेला ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

आणि एका शनिवारी मैदानावर कोण यावं? जवळच्याच गिरावीनला मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले साक्षात सर! गळ्यात तीच शिट्टी, मान तशीच खाली. पोरांना फुकट शिकवतो म्हणाले. आता आपलं पितळ उघडं पडणार! मग वाटलं, एवढ्या वर्षांत आपले केस गेलेत, पोट आलंय, डोळ्यांवर गॉगल आहे, वर ही एवढी मोठी टोपी. कोण ओळखतंय? मी हात पुढे केला आणि चक्क इंग्रजीत म्हणालो, "वेलकम सर, नाइस टू मीट यू." सर माझ्या बुटांकडे बघत होते. जरासे थांबले. मग म्हणाले, "बरं साहेब. मैदान कुठवर आपलं?" ज्यांच्या पाया पडायचं, त्यांच्याशी मी शेकहँड केला. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

पोरांनी मात्र पहिल्याच दिवशी सरांना डोक्यावर घेतलं. 'काही हरकत नाही' म्हणायचा इथला 'नो वरीज' हा शब्द सरांना भारी आवडला, पण तो त्यांनी शिवीसारखा वापरायला काढला. कुणी धडपडलं की, "नो वरीज, गधड्या!" काही पालकांनी सुचवलं, सर, इथे मुलांशी पॉझिटिव्ह बोलायचं असतं. पुढच्या शनिवारी सर एका पोराला म्हणाले, "शाब्बास! इतकं वाईट पळताना मी आजवर कुणाला पाहिलं नव्हतं. शाब्बास!" ते पोरगं महिनाभर खुशीत होतं. एकदा स्टेशनवर ट्रेन गाठायला धावणारा एक धिप्पाड गोरा बघून त्यांना राहवलं नाही. शिट्टी फुंकून "गुडघे वर!" असे ओरडले. तो बिचारा जागच्या जागी थांबला, "सॉरी मेट" म्हणाला आणि त्याची ट्रेन गेली.

कौन्सिलच्या मैदानात खांब रोवायला परवानगी नाही. सरांनी त्यावर तोडगा काढला, दोन बाप उभे करायचे! "खांबाने फोन बघायचा नाही, खांबाने चहा प्यायचा नाही," असा दम भरून आमच्यातले भलेभले आयटी मॅनेजर त्यांनी उन्हात उभे केले. माझी पाळी आली, तेव्हा लांबून आवाज आला, "साहेब, खांबाने दोन्ही पायांवर उभं राहावं!" सगळे हसले. मीही हसलो. मला आपलं वाटलं, सर सगळ्यांनाच म्हणत असतील.

मग शेजारच्या सबर्बातल्या मुलांशी आमचा सामना झाला. आम्ही सहज जिंकत होतो. पण सरांनी हट्टाने आळीपाळीने बाराही पोरं उतरवली, चार पावलांत धाप लागणारी आमची चष्मेवाली जुईसुद्धा, तीही शेवटच्या डावात. हरलो. मी खोटा का होईना, कॅप्टन! तणतणत गेलो आणि म्हणालो, "सर, असं कसं चालेल? चांगले नऊच खेळवायला हवे होते." सर खाली बघत म्हणाले, "एकदा तसंच केलं होतं साहेब. परत नाही करायचं." आणि पोरांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागले.

सरांच्या निरोपाला मी गेलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं, निहारला कोपऱ्यावर सोडलं आणि गाडी वळवली. जाता जाता 'तुमची शाळा कुठली?' असं कुणी सगळ्यांसमोर विचारलं असतं तर? चार महिन्यांनी ग्रुपवर मेसेज आला, सर गेले, तिकडे चिंचवडला. झोपेतच.

त्या शनिवारी मैदानाकडे जाताना निहारने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "बाबा, यू शुड हॅव कम दॅट डे. सर तुझी वाट बघत होते."

"माझी?"

"हो. ते म्हणाले, तुझा बाबा माझ्यावर अजून रागावलाय. थ्री इयर्स रोज यायचा आणि मी त्याला एकदा पण खेळवलं नाही. माझं चुकलं, म्हणाले. त्यांना सॉरी म्हणायचं होतं."

मी गाडी बाजूला घेतली. मी तोंड लपवत होतो आणि त्या माणसाला वाटत होतं, मी राग धरलाय! सहा महिने समोर उभा राहून मी त्यांना अपराधी ठेवलं.

"त्यांनी ओळखलं कधी मला?"

"फर्स्ट डे. युअर फीट."

"म्हणजे तुला माहीत होतं, मी कॅप्टन नव्हतो?"

निहार खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सर म्हणाले, विचारू नको. तो सांगेल." चार महिने पोरगं वाट बघत होतं.

मैदानावर पोरं खोळंबली होती. एक खांब कमी होता. मी टोपी काढली, गॉगल काढला आणि जागेवर जाऊन उभा राहिलो. दुसरा खांब होता एक नवा बाप, नुकताच पुण्याहून आलेला. त्याने तिकडून ओरडून विचारलं, "तुम्ही स्वतः खेळायचात का हो?"

"नाही," मी निहारला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "मी बारावा गडी होतो. सरांचा."

भार डाव्या पायावरच होता. मी लगेच दोन्ही पायांवर नीट उभा राहिलो. पण आता बघायला कोण होतं?