देठाला हात नको

"देठाला हात नको, साहेब." भोपळ्याजवळ कोणीही वाकले की काकांचे हे वाक्य ठरलेले. आवाज चढत नसे. फक्त दोन्ही तळवे ओंजळीसारखे पुढे करून भोपळा कसा उचलायचा ते हवेतच दाखवत.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, मी अधिकारी. निवृत्तीनंतर कात्रपमध्ये माझ्याच इमारतीत ते एकटे राहत. गच्चीच्या दारापाशी, जिन्याच्या शेवटच्या टप्प्यावर, त्यांनी नवे स्टोअर मांडले होते. पुतण्याच्या शेतातले भोपळे तिथे येत. उन्हात साल टणक झालेले, कोरड्या फडक्याने पुसलेले, एकमेकांना न टेकता बसलेले. प्रत्येकाखाली एक चुंबळ, दिवंगत पत्नीच्या साडीची. "नुसत्या लादीवर बुडाला घाम येतो," ते सांगत.

उल्हासनगरच्या बाजारात त्यांच्याबरोबर जाणे ही एक परीक्षाच असे. ते प्रत्येक भोपळा फिरवून देठ पाहत. "पाचकोनी, आणि फळाशी पसरलेला, तो आपला. गोल, बुचासारखा मऊ देठ, ती जात वेगळी. आणि अंगावर पांढरी भुकटी असेल तर तो कोहळा. त्याला भोपळा म्हणू नका, रागावतो."

सिंधी भाजीवाला वैतागून म्हणे, "साईं, सब्जी लेनी है या शादी करनी है?"

"लग्नात चूक निभावून नेता येते," ते शांतपणे म्हणत. "भोपळ्यात नाही."

त्या सगळ्या भोपळ्यांत एक वेगळा होता. बसका, खोल खाचांचा, हिरवट सालीचा. त्याचे बी पत्नीने माहेरून आणले होते आणि ती वर्षानुवर्षे ते लावत आली होती. त्या वर्षी होते नव्हते तेवढे बी पेरूनही वेलाला हे एकच फळ धरले. "बी आतच पिकू दे," म्हणून त्यांनी ते हिरव्या चुंबळीवर ठेवले होते.

लेकीकडे पुण्याला आठ दिवस जाताना त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. "देठ तुटला तर मात्र ठेवायचा नाही, साहेब. त्याच दिवशी कापायचा. सड तिथूनच आत शिरते."

तिसऱ्या दिवशी गच्चीवरची टाकी वाहिली आणि पाणी जिन्यावर आले. मी घाईने भोपळे हलवू लागलो. एक काखेत होता. दुसरा, तो हिरवट, मी देठाला धरून उचलला. देठ हातात आला.

वाचकहो, अपघात इथे संपला. पुढचे मी विचार करून केले. देठ पुन्हा जागेवर नीट बसवला, ती बाजू भिंतीकडे वळवली, आणि ते परतल्यावर म्हणालो, "काका, सगळे जागच्या जागी आहेत."

महिन्याभराने ते दारात उभे राहिले. ओंजळीत तो भोपळा, वरून काळा पडलेला. "आतून गेला, साहेब. बीसुद्धा." त्यांनी बोट लावताच देठ अलगद सुटला. ते त्याच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "जुनाच होता देठ. कधीतरी पडणारच."

"हो, असेल," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी भोपळे आले. हिरवी चुंबळ त्यांनी जागेवरच ठेवली, रिकामी. फडके मारताना ते तीही उचलून झटकत आणि परत गोल बसवत. मला कधी काही विचारले नाही. मी कधी सांगितले नाही.

मागच्या दिवाळीनंतर लेक त्यांना कायमचे घेऊन गेली. निघताना त्यांनी एक साधा लाल भोपळा आणि ती हिरवी चुंबळ माझ्या हाती दिली. "आता सांगायला नको तुम्हाला," म्हणून किंचित हसले. सांगायचे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. चार महिन्यांनी लेकीचा फोन आला. ते गेल्याची बातमी ऐकून मी जिन्याच्या त्या शेवटच्या टप्प्यावर जाऊन बसलो. तिथे आता कोणाच्या तरी सायकली असतात.

तो भोपळा मी कापलेला नाही. दर रविवारी त्याच्याखालची हिरवी चुंबळ झटकतो, लादी पुसतो. उचलताना दोन्ही तळवे खाली घालतो. घरात पाहणारे कोणी नाही.