ट्रॅजेक्ट म्हणजे आधी चपला

रविवारी सकाळी अंबरनाथहून निघाले तेव्हा पायात नव्या चपला होत्या. हिराबाईला भेटायला मी वर्षातून एकदा जाते. आम्ही दोघी एकाच कारखान्यातून निवृत्त झालो, मी टायपिस्ट, ती कँटीनमध्ये. जाते म्हणजे काय, चामटोलीच्या पुढे नदीच्या अलीकडे बसते! तिची वाडी पलीकडे. अकरा वर्षांची असताना मी वाहून जाता जाता वाचले, तेव्हापासून वाहत्या पाण्यात मी पाय टाकत नाही. म्हणून दरवर्षी हिराबाईच डोक्यावर टोपलं घेऊन अलीकडे यायची. यंदा तिचा निरोप आला, गुडघे गेले, आता पाण्यात उतरवत नाही. म्हणजे मी ओलांडून गेले नाही, तर आमची भेट संपली.

आधी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये उतरले. बाबांचा इंग्रजी शब्दकोश बाइंडिंगला टाकला होता. बाबा कारखान्यात फिटर. रोज एक शब्द शिकायचा, ही त्यांनी मला लावलेली शिस्त. बाइंडिंगवाले सिंधी काका नाश्ता करत होते. ‘बैठो दीदी, दाल पकवान खाओ’ म्हणत त्यांनी अर्धा पकवान माझ्यापुढे सरकवला. कुरकुरीत पकवान, वर चिंचेची चटणी, आहाहा! खाता खाता मी शब्दकोश असाच कुठेतरी उघडला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. ट्रॅजेक्ट. अर्थ: पाणी ओलांडण्याची जागा. आता फारसा वापरात नाही. मूळ लॅटिन: ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, आणि पुढचा भाग म्हणजे फेकणे.

फेकणे? ओलांडण्यात फेकायचं काय? आजच हा शब्द निघावा याचाही मला राग आला.

‘काका, छपाईची चूक दिसतेय.’

‘इतनी मोटी किताब है दीदी, सोच के ही छापा होगा.’

मी ऐकते होय! पेन्सिल काढली आणि शब्दापुढे ठसठशीत प्रश्नचिन्ह ठोकलं.

बदलापूर स्टेशनबाहेर रिक्षा केली. वाटेभर मी तोच शब्द पुटपुटत होते. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. ‘कुठला प्रोजेक्ट मॅडम? टू बीएचके बघताय का? चामटोली साइडला लई नवीन पडलेत.’

‘प्रोजेक्ट नाही हो, ट्रॅजेक्ट!’

‘हा बिल्डर नवीन आहे वाटतं,’ तो म्हणाला. मी कपाळावर हात मारला. इमारती मागे पडल्या, कापलेल्या भाताचा वास सुरू झाला, आणि रस्ता संपला तिथे त्यानं मला उतरवलं.

नदी समोरच होती. इथे उतार आहे (उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा). पाणी गुडघ्याएवढं, तळाचे दगड दिसणारं, पण खळाळतं. पलीकडे हिराबाई काठी टेकून उभी. मी काठावर गेले आणि जी थिजले ती थिजलेच.

‘ये ना गं बाय!’

‘नाही जमणार, हिरा!’

‘चपला फेक आदी! हिकडं फेक!’

‘कशाला?’

‘आमी समदी तशीच येतो. चपला पल्याड गेल्या की मानूस माघारी जात नाय. तुज्या पाठी सगले काटेच हायेत!’

मी वळून पाहिलं. खरंच, वाटभर बाभळीचे काटे. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. पलीकडे, फेकणे! लॅटिनवाल्यांनी काय केलं असेल ते असो, या वाडीला तो शब्द पाठ होता.

पहिली चप्पल भिरकावली, ती हिराबाईच्या पायाशी पडली. दुसरी पाण्यात पडली, पलीकडच्या काठाजवळ, दगडाला अडकून डुलायला लागली. नवी कोरी चप्पल! ‘अगं बाई गं!’ म्हणत मी साडी खोचली, शब्दकोशाची पिशवी डोक्यावर घेतली आणि पाण्यात पाय टाकला. मध्यावर पायाखालचा दगड सरकला. अकरा वर्षांची मी आतून किंचाळले. तशीच उभी राहिले, श्वास घेतला, हिराबाईकडे पाहिलं आणि पुढचा पाय टाकला. मग त्याच्या पुढचा. वाटेत चप्पल उचलली आणि काठावर चढले.

‘आले! आले की नाही?’ मी ओरडतच होते. हिराबाई रडत होती आणि हसत होती, मीही तेच करत होते. इतक्या वर्षांनी मी तिचं घर पाहिलं. भिंतीवर आम्हा दोघींचा कँटीनमधला फोटो होता. चुलीपाशी बसून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. टोपल्यातून गार होऊन यायचं तेच बिरडं, पण गरम खाल्लं तेव्हा कळलं की त्यात ती ओलं खोबरं किती सढळ हातानं घालते.

परतताना कुणी सांगायच्या आधीच मी दोन्ही चपला अलीकडे फेकल्या. दोन्ही कोरड्यावर पडल्या. मागून हिराबाईनं टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर शब्दकोश उघडला. आजवर मला वाटायचं, भीती गेली की माणूस ओलांडतो. माझी तर गेलीच नाही, मीच पलीकडे गेले. खोडरबर घेऊन प्रश्नचिन्ह पुसलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: बरोबर आहे. हिराबाईला विचारलं.