सोमाबाबांचा झरा

दुपारचे तीन वाजलेत. शाळेच्या रिकाम्या वर्गात, थंड फरशीवर खोऱ्याचा नकाशा पसरून मी त्यावर वाकलेय. एकसष्ट झरे नोंदून झालेत. बासष्टाव्यापाशी पेन्सिल अडते आणि डोळे मिटत जातात.

तो झरा शोधायला गेल्या एप्रिलात मीच सोमाबाबा धिंदळ्यांना एकटं धाडलं होतं. खोऱ्यातली प्रत्येक घळ त्यांना पाठ होती. संध्याकाळी ते उतारावर सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण शेजारची पाण्याची बाटली रिकामी होती. तेव्हापासून मला वाटतं, माणूस तहानेनं गेला आणि तो माझ्यामुळे. नंतर आम्ही दोनदा शोधूनही झरा मिळाला नाही. उद्या हा नकाशा ग्रामसभेत मांडायचाय. टाकी कुठे बांधायची ते त्यावरून ठरेल.

"ताई, सरका जरा."

सोमाबाबा नकाशाच्या कडेला उकिडवे बसलेत. ते गेलेत हे मला ठाऊक आहे, तरी मी सरकते. फरशी उतरती होत जाते. आम्ही घळ चढतोय; घळीत शाळेची बाकं आहेत, त्यांवर शेवाळ धरलंय.

"बाबा, तुम्हाला पाणी मिळालं नाही ना?"

"कोन म्हनलं?"

"बाटली रिकामी होती."

ते हसतात. "म्याच वतली ती. झरा घावल्यावर बाटलीतलं कढत पानी कोन पितं? पोटभर प्यालो. ती भरायचंबी ध्यानात ऱ्हायलं न्हाई, तसाच तुमाला सांगाया निघालो. उतरताना कळ आली. लई येळ न्हाई लागला."

"खरं सांगताय?"

"आता खोटं कशाला बोलू?"

कितीतरी महिन्यांनी माझा श्वास पोटापर्यंत पोचतो.

आम्ही तालुक्याच्या कचेरीत उभे आहोत. फायलींच्या कपाटांमधून काळा कातळ वर आलाय. सोमाबाबा पायथ्याची फट दाखवतात.

"उंबराच्या मुळाखाली हाय, वरनं दिसत न्हाई. घाला हात."

मी कोपरापर्यंत हात घालते. पाणी गार आहे, बोटांमधून वाहतंय.

"उन्हाळ्यात टिकतं?"

"चैतातच प्यालो की म्या."

कुठेतरी घंटा होते. व्हरांड्यातून मुलं दप्तरं घेऊन पळतात. मी उठून बसते. नकाशा कोरडा आहे, फरशीही कोरडी. माझी उजवी बाही मात्र कोपरापर्यंत ओली आहे. मी ती पिळते. चार थेंब पडतात, आणि त्यांत बारीक लाल वाळू.