दोन कप पाणी घ्या

सकाळी फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडे बापू होता, शैलाताईंचा धाकटा भाऊ. "पगारेसाहेब, ताई मेली. झोपेत मेली. तुम्ही या. चप्पल घालून या." एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. मी सरकारी कचेरीत जन्मभर 'दुःखद निधन' लिहिलेला माणूस. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून स्टुलावर बसलो. एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची हा ताईंचा नियम, आणि तो बापूनं ताईंच्याच बातमीला लावला होता. शंकेला जागा म्हणून ठेवली नव्हती... निघालो, तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला. स्मशानातून परत येईपर्यंत मला पत्ता नव्हता.

ताई शाळेतून निवृत्त झाल्या आणि गप्प बसवेना म्हणून त्यांनी पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या हॉलमध्ये कार्यशाळा सुरू केल्या. दवाखाना, मतदान, बँक, रेशन, सगळ्यांची माहिती सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसकट. बापूला जन्मापासून गोष्टी समजायला वेळ लागतो. त्याला आणि त्याच्यासारख्यांना आपलं आपण वाचता यावं, एवढाच खटाटोप. लिहायला एक डॉक्टर, अशा मुलांच्या दोन-तीन आया, मखमलाबादकडची एक फुलं विकणारी बाई, बापूचे दोस्त आणि मी. मला का घेतलं, असं विचारलं तर म्हणाल्या, अवघड कसं लिहितात ते समोर दिसायला हवं ना!

रीत अशी की लिहून झालं की एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बापूनं करून दाखवायचं. लिहिलंय तेवढंच. पहिलंच पत्रक जुलाब झाल्यावर घ्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीचं. मी झोकात लिहिलं, 'सदर पुडी एक लिटर पाण्यात टाकावी.' बापूनं बंद पुडी उचलली, तांब्यात टाकली आणि हात पुसून बसला. पुडी फोडायची असते हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं मी तणतणलो. "कुठं लिहिलंय?" ताईंनी विचारलं. मग लिहिलं, 'पुडी फाडा.' त्यानं ती मधोमध अशी फाडली की सगळी पावडर डॉक्टरांच्या पँटवर. कात्री आली, तोंड कापायचं चित्र आलं, दुपार गेली. पत्रक पुरं झाल्याशिवाय चहा नाही, हा ताईंचा दुसरा नियम. शेवटी डॉक्टरांनी ते पुडीचंच पाणी पिऊन तहान भागवली.

मागच्या वर्षी ताईंच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. देवळ्याचे अण्णा, म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, भेटायला आले आणि सरळ बोलले, तुझ्या माघारी बापूला आम्ही नेऊ, तिकडं चार माणसं हायेत. अण्णा सोन्यासारखा माणूस, मनात काही वाकडं नाही. पण बापूनं तिथंच सांगितलं, मी माझ्या घरात राहणार. ताईंना तेच हवं होतं. पुढच्या कार्यशाळेत त्यांनी विषय जाहीर केला, बापूचा चहा. त्याला घर चालवता येतं हे अण्णांना दिसलं पाहिजे, सुरुवात चहापासून.

आम्ही लिहिलं, 'चहा उकळू द्या.' बापूनं उकळू दिला. पातेल्याचा तळ काळा झाला, हॉलभर धूर झाला, फुलवाली खोकत बाहेर पळाली. बापू मात्र शांत. गॅस बंद करा, हे आम्ही कुणी लिहिलंच नव्हतं! ते घातलं. मग मी म्हटलं, वर 'दोन कप पाणी घ्या' आहे, त्याचं 'एक कप' करा, तो एकटा असणार.

"दोनच लिहा," ताई म्हणाल्या. "आणि खाली लिहा, दुसरा कप माणसाला द्या."

कुठल्या माणसाला, डॉक्टरांनी विचारलं. असेल त्याला, म्हणाल्या. रोज दूध वाया जाईल, अशी भुणभुण मी लावली. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं.

ताईंचे दिवस आटोपल्यावर अण्णा गाडी घेऊन आले. बापूची पिशवी भरून दाराशी ठेवली. मीही होतो. चहाची वेळ झाली तसा बापू उठला, ओट्यामागच्या फरशीवर चिकटवलेलं पत्रक एकेक ओळ मोठ्यानं वाचत त्यानं चहा केला, गॅस बंद केला, बटण पुन्हा चाचपून पाहिलं. दुसरा कप अण्णांना दिला. मला काहीच नाही.

"साखर लय कमी हाय," अण्णा म्हणाले.

"लिहिलीय तेवढीच आहे."

अण्णा हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मग त्यांनी विचारलं, "मी तर देवळ्याला असंल. उद्याचा कप कुणाला देशील?"

बापूनं पत्रकाकडं पाहिलं. "असेल त्याला."

अण्णांनी कप तळापर्यंत संपवला. मग बापूची पिशवी त्यांनी स्वतःच आत नेऊन ठेवली, गाडीतून कांद्याची गोणी उतरवून दिली आणि एकटे गेले.

आता बापू रोज चहा झाला की जिन्यात येऊन उभा राहतो. सिलेंडरवाला, मीटर बघणारा, वरच्या मजल्यावरची सून, जो सापडेल तो आत. फुलवाली बाजार उरकून येते. डॉक्टर येतात, साखरेची तक्रार करतात, पितात. ताई, तुम्ही एक कप लिहिला असता तर पोरगा एकटाच प्यायला असता, हे मला जरा उशिराच समजलं. तुमची फार आठवण येते हो... भांडायला कुणी उरलं नाही.

काल गुडघा धरला होता, म्हणून गेलो नाही. पडून होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"पगारेसाहेब, चहा झाला. जिन्यात कोणी नाही. तुम्ही या. चप्पल घालून या."

मी उठलो. चपला घातल्या, आणि या खेपेला खाली वाकून बघितलं. जोडीच्याच होत्या.