तेवढी ओळ सोडून

चार माणसं दर आठवड्याला एकत्र बसली की किस्से आपोआप साठतात. त्यातून ती माणसं डोळे मिटून मोठ्यानं बोलणारी असली, तर विचारूच नका! सोलापुरात आमच्या चर्चच्या मंडळीची घरगुती प्रार्थनासभा दर गुरुवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी भरते. एक गीत, बायबलमधलं थोडं वचन, मग एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि शेवटी चहा. उघड्या डोळ्यांनी माणूस जे बोलणार नाही, ते मिटल्या डोळ्यांनी बिनधास्त बोलून जातो. शाळेतली क्लार्कची नोकरी संपल्यापासून मी एकही गुरुवार चुकवलेला नाही. आता त्यात भक्ती किती आणि करमणूक किती, ते देवालाच ठाऊक.

*

शांतवनकाका चर्चचा कारभार बघणारे आमचे जुने पंच. त्यांची प्रार्थना म्हणजे रेडिओवरच्या बातम्या!

"हे दयाळू पित्या, तू जाणतोस की आज नळाला पाणी यायचं होतं, ते आलं नाही. तू हेही जाणतोस की पाइपलाइन फुटलीय, आणि आता पाणी परवा पहाटेच येणार..."

सोलापुरात पाण्याचा दिवस चुकला की घरात काय होतं, ते सोलापूरकरालाच विचारा. निम्म्या बायकांचे डोळे उघडले. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला:

"आमेन! देवाला म्हाईत हाय, दादा. आमाला चहाच्या टायमाला सांगा!"

या मालनमावशी. त्या मूळच्या मंगळवेढ्याच्या. सगळी नोकरी सोलापुरात दवाखान्यात नर्स म्हणून झाली, पण बोली काही सुटली नाही. पूर्वी त्यांना पेशंटची शीर पहिल्या झटक्यात सापडायची, आता माणसाची लबाडी सापडते.

*

मग चर्चला नवीन पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आले. तरुण, शिकलेले, नगरकडचे. आल्या आल्या त्यांनी एका शुक्रवारी दिवसभराची उपवास-प्रार्थना ठेवली. सुरुवातीलाच म्हणाले, "आज कोणाकोणाचा उपवास आहे? हात वर करा पाहू."

झाडून सगळ्यांचे हात वर. शांतवनकाकांचा तर सगळ्यांच्या आधी! एकट्या मालनमावशींचे हात मांडीवर.

"मावशी, तुमचा नाही?"

"न्हाय साहेब. मला शुगर हाय. गोळी घिऊन दोन भाकऱ्या खाऊन आलेय. प्रार्थना मातर पोटभर करीन!"

पाळकसाहेब हसले. मावशींनी पर्समधून रुमाल काढला आणि शेजारच्या शांतवनकाकांपुढे धरला.

"दादा, मिशीची शेंगाचटणी पुसा. हात मग निवांत खाली घ्या."

*

आता आमच्या घरचा किस्सा. सभेत कुणाला प्रार्थनेची विनंती असेल तर सांगायची पद्धत आहे. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलीचं जमत नसतं. एका गुरुवारी आमच्या सौभाग्यवती उठल्या.

"माझ्या मिस्टरांसाठी प्रार्थना करा. उपदेश सुरू झाला की ते झोपतात. मला शेजारी बसायची लाज वाटते."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे! मी छताकडे बघायला लागलो.  पाळकसाहेब म्हणाले, "बाई, त्यांच्यासाठी कशाला? माझ्यासाठी करा."

आणि खरोखर तशीच प्रार्थना झाली. तेव्हापासून हा तरुण पाळक मला आवडायला लागला. उपदेश अजूनही लांबतात, तो भाग वेगळा.

*

मावशींची एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना सगळी मंडळी एका सुरात म्हणते. त्यात 'आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर' अशा अर्थाची ओळ आली की मावशींचं तोंड मिटायचं. ओळ संपली की पुन्हा सगळ्यांबरोबर सुरू. चर्चमध्ये येशूच्या आठवणीसाठी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरतं; मनात अढी असताना ती घेऊ नये म्हणतात. ताट आलं तरी त्या भाकर घेत नसत, ताट पुढं देत. ते लांब जाईपर्यंत त्यांचे डोळे मात्र ताटावर असायचे. शेजारच्या बाकावरून मी हे कितीतरी वर्षं बघत होतो, आणि दर वेळी मला वाईट वाटायचं.

एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी शेवटी विचारलंच. आम्ही दोघं-तिघं तिथंच उभे होतो.

"माझी धाकटी भन हाय मंगळवेढ्याला, रूथ," मावशी म्हणाल्या. "आई गेली तवा ती माझ्यासाठी थांबली न्हाय. मी पोचले तर मूठमाती झालेली. आईचं तोंड बघू दिलं न्हाय तिनं मला. तवापासनं बोलनं न्हाय."

"मावशी, ओळ म्हणत राहा. म्हणता म्हणता मनातही उतरेल."

"आन् तवर देवापुढं खोटं बोलू व्हय?"

 

*

गेल्या वर्षी हंगामाचा सण होता. या दिवशी जो तो आपल्या कष्टाचं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतो, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. भोपळे, ज्वारी, केक, एक कोंबडा. मावशींची शेंगाचटणीची बरणी दर वर्षीप्रमाणे मधोमध. आणि पाळकसाहेबांनी उपदेशाला नेमका विषय घेतला, की वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाबहिणीशी वाकडं असल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी जाऊन समेट करावा.

मावशी उठून उभ्या राहिल्या. भर उपदेशात!

"साहेब, बरणी हितंच ऱ्हाऊ द्या. लिलावात काढू नका. मी मंगळवेढ्याला जाऊन येते."

"मावशी, निदान उपासना तर संपू द्या—"

"आधी जा म्हनलं की तुमी!"

आणि निघाल्या. मंडळी बघतच राहिली. आमच्या सौभाग्यवतींनी मला कोपरानं ढोसलं. "अहो, जा त्यांच्याबरोबर. इथं नाहीतरी झोपणारच आहात!"

एस.टी.त मावशी खिडकीशी बसल्या. मी विचारलं, "गेला का राग?"

"कुटला जातोय भाऊ! माझ्यासंगं बसलाय की गाडीत. पर बरणी तितं ठिवून आलेय न्हवं, आता काय करू?"

रूथबाईंचं घर मंगळवेढ्याच्या स्टँडसमोरच आहे. त्यांनी दार उघडलं, बहिणीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "ऊन लई हाय. आत या." आत गेल्यावर त्यांनी तीन ताटं वाढली. पिठलं-भाकरी. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या.

"आईचं तोंड बघू दिलं न्हाईस तू मला," मावशी म्हणाल्या.

"मे म्हयना हुता. डॉक्टर थांबू दीनात. आन् तू गं? दवाखान्यात लोकांच्या आया उचलल्यास. आपली आई अंथरुणाला खिळली, तिला मी एकटीनं उचललं. कवा आलीस?"

 लबाडीची शीर ओळखणारी बाई ताटातल्या भाकरीकडे बघत राहिली. मला तिथं बसवेना, आणि खरं सांगायचं तर भूकही लागली होती. मी म्हणालो, "प्रार्थना करून जेवू या का?" आणि चटकन आठवली म्हणून प्रभूची प्रार्थना सुरू केली. दोघी डोळे मिटून माझ्याबरोबर म्हणू लागल्या.

ती ओळ आली आणि खोलीत माझा एकट्याचाच आवाज उरला!

मी डोळे उघडले. इकडे मावशींचं तोंड बंद, तिकडे रूथबाईंचंही बंद. मीही थांबलो. मावशींनी डोळे उघडून बहिणीकडे बघितलं.

"तू बी?"

"मग? देवापुढं खोटं बोलू व्हय?"

मावशींना रडू फुटलं. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, "यायला पायजे हुतं गं मी." रूथबाईंनी तो हात धरला. मग त्या म्हणाल्या, "पयल्यापासनं म्हणू."

पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्या ओळीला मी गप्प बसलो. दोघींनी म्हटली. अडखळत, खालच्या आवाजात, पण म्हटली.

जेवणं झाली. मावशींनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "सोलापूरची गाडी किती वाजता हाय?"

"गेली की कवाच," रूथबाई म्हणाल्या. "शेवटची हुती."

दुपारचे तीन वाजले होते. मावशींनी खिडकीतून समोरच्या स्टँडकडे बघितलं. सोलापूरची गाडी उभी होती, आणि कंडक्टर 'सोलापूर, सोलापूर' म्हणून ओरडत होता.

"व्हय," मावशी म्हणाल्या. "चुकलीच की."