नदीकाठी अडलेला वेतो

…तर काल आपण बुटांपाशी थांबलो होतो. झिजू नयेत म्हणून बूट हातात धरून ओनुफ्री सभेला अनवाणी चालत आला, चर्चच्या दारात त्याने ते पायांत चढवले, आणि त्याच्या जिवाला काही केल्या चैन नव्हतं. काल जे शेकोटीपाशी नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो.

ओनुफ्री क्रोपिव्नित्स्की हा पोलंडातल्या आमच्या माझोव्हियातला खानदानी माणूस. खानदानी, पण नांगर स्वतःच धरायचा; फक्त नांगरताना तलवार बांधावर रोवून ठेवायची, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळावं की हा कुळ नव्हे, धनी आहे. त्याच्या म्यानात पातं उरलं होतं वीतभर. रविवारी चर्चमध्ये शुभवर्तमान वाचताना आम्ही सगळे तलवारी अर्ध्या उपसतो, धर्मासाठी मरायला तयार आहोत असं दाखवायला. ओनुफ्री म्हणायचा, अर्धीच उपसायची असते हे देवाचे उपकार.

अशा माणसाला आमच्या भागातल्या बड्या सरदारांच्या कारभाऱ्याने जेवायला बोलावलं. कारभारी वालेंती मोठा गोडबोल्या. सॉसेज, आंबवलेली कोबी, मधाची दारू, सगळं स्वतःच्या हाताने वाढलं आणि म्हणाला, "बंधुराज, यंदाच्या आपल्या खानदानी मंडळींच्या सभेत आमच्या सरदारांच्या विरोधातला माणूस वॉर्साच्या संसदेवर निवडून जायला निघालाय. तुम्ही फक्त उठायचं, एक शब्द बोलायचा, आणि दाराशी माझी गाडी उभी असेल तिच्यात बसायचं."

"कुठला शब्द?"

"वेतो."

आता लॅटिन आम्हाला सगळ्यांनाच तोंडापुरतं येतं. वेतो म्हणजे मी मना करतो. रोमात म्हणे गोरगरिबांचे पुढारी या शब्दाने बड्या बड्यांना जागेवर थांबवायचे. ते राज्य मातीला मिळालं, पण शब्द काही मेला नाही. पाद्र्यांच्या शाळांतून चालत चालत तो आमच्या सभांत येऊन बसला. आमच्याकडे ठराव व्हायचा तो एकमताने. एकाने वेतो म्हटलं की बाकीच्यांनी टोप्या उचलून घरी जायचं. ओनुफ्रीने जन्मात सभेत तोंड उघडलं नव्हतं. आपल्या एका शब्दाने घोडेवाले, गाड्यावाले सगळे गप्प होतील, ही कल्पनाच त्याला त्या दारूपेक्षा जास्त चढली. त्याने शब्द दिला.

मग सुरू झाली तगमग. नांगरताना बैलाला म्हणायचा, "वेतो." बैल थांबायचा. पुन्हा हाकलायला वेळ लागायचा. जेवताना चमचा खाली ठेवून उठायचा, अंगणात फेरी मारून यायचा, पुन्हा बसायचा.

त्याची बायको पेत्रोनेला म्हणाली, "अहो, तुमच्या पायांत मुंग्या शिरल्यात की काय? सभेला जा, पण एक लक्षात ठेवा. पुलाची गोष्ट निघेल. तिथे हो म्हणायला विसरू नका."

पूल तिच्या जिवाचा होता. त्यांची आगाता नदीपलीकडे दिलेली. गेल्या वसंतात नदीवर गोठलेला बर्फ फुटताना ती बाळंत झाली. ना घसरगाडी चाले, ना तराफा. पेत्रोनेला अलीकडच्या काठावर दुपटं घेऊन उभीच राहिली. वाट मोकळी होईपर्यंत बाळ पुरूनही झालं होतं. नातवंडाचं तोंड तिला दिसलं नाही. आता आगाताला पुन्हा दिवस गेले होते, आणि येणार होतं तेही बर्फ फुटायच्याच सुमाराला.

"म्हणेन की हो," ओनुफ्री म्हणाला, आणि पुन्हा अंगणात गेला.

तर सभा. आमची सभा चर्चमध्येच भरते; वेदीवरचा पवित्र प्रसाद आधी आत नेऊन ठेवतात, भांडणं त्यातल्या देवाच्या कानावर पडू नयेत म्हणून. सकाळी पुलाचा ठराव आला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मान डोलावली, ओनुफ्रीने सगळ्यांत मोठ्याने हो म्हटलं. शेजारी सेवेरिन बसला होता, त्याच्याच गावचा, जिभेला तिखट. तो म्हणाला, "बंधुराज, हळू. पूल लाकडाचा करायचाय, तुमच्या आवाजाचा नाही."

मग निवडणूक आली. ओनुफ्री एकदा उठला, बसला. सेवेरिनने विचारलं, "बाकाला खिळा आहे का?" तिसऱ्यांदा मात्र तो उभाच राहिला आणि म्हणाला, "वेतो."

जेवढ्या आवाजाचा सराव केला होता त्याच्या निम्माही निघाला नाही. पण ऐकू गेला. चर्च असं शांत झालं की छपरातल्या पारव्यांची घुमघुम ऐकू यावी. सभापतींनी हातातली काठी आडवी ठेवली. सभा मोडली.

ओनुफ्रीला वाटलं होतं, पिकातलं एक तण उपटावं तसं होईल. इतकी वर्षं तो सभेला यायचा तो मेजवानीसाठी. कामकाज शेवटपर्यंत त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने सेवेरिनला हळूच विचारलं, "पूल मात्र झाला ना? तो सकाळीच झालाय."

सेवेरिनने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्याने टोमणा मारला नाही. "सभा मोडली की सकाळपासूनचं सगळंच मोडतं, बंधुराज. पूलसुद्धा."

पुढचं काही विचारायच्या आत कारभाऱ्याच्या माणसांनी ओनुफ्रीला दंडाला धरून गाडीत बसवलं. याचंही कारण आहे. वेतो म्हणणाऱ्याच्या मागे जाऊन, समजावून, त्याला शब्द मागे घ्यायला लावता येतं. मग सभा पुन्हा जिवंत होते. म्हणून वेतोवाल्याने नदीपार व्हायचं आणि हाती लागायचं नाही, अशी रीत. वालेंती स्वतः लगाम धरून बसला होता.

गाडी नदीवर आली. पावसाने पाणी चढलेलं, आणि तराफा पलीकडच्या काठाला. नावाडी हाका ऐकून हात हलवायचा आणि पुन्हा झाडाखाली बसायचा. पाणी जरा उतरल्याखेरीज तो निघणार नव्हता.

ओनुफ्री चिखलात येरझाऱ्या घालू लागला. बूट खराब होतील म्हणून काढून गाडीत ठेवले. पलीकडे आगाताच्या घराचा धूर दिसत होता. पेत्रोनेला गेल्या साली उभी होती ती हीच जागा.

"बसा की हो," वालेंती म्हणाला. "तुमच्याकडे बघून घोडी बिथरतेय."

"पूल असता तर एव्हाना पार झालो असतो," ओनुफ्री म्हणाला.

वालेंती हसला. ओनुफ्री हसला नाही.

तेवढ्यात मागून माणसं आली. पुढे सेवेरिन, मागे आणखी गाववाले, सगळ्यांचे बूट हातात. आणि त्यांच्यात, पूल मोडल्याचं कळताच घरून धावत आलेली पेत्रोनेला. सेवेरिन म्हणाला, "बंधुराज, चला. सभापती अजून चर्चमध्येच थांबलेत."

पेत्रोनेला त्याच्याजवळून पुढे गेली, पाण्याच्या कडेला, आणि पलीकडच्या धुराकडे बघत उभी राहिली.

ओनुफ्री चालू लागला.

"क्रोपिव्नित्स्की," वालेंती ओरडला, "माझ्या घरी जेवलात. शब्द दिलात."

"दिला होता," ओनुफ्री वळून म्हणाला. "तुमच्या सांगण्यावरून बोललो, तिथे तुमचं माझं फिटलं. मागे घेतोय तो माझ्या घरासाठी."

चर्चमध्ये शिरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बूट गाडीतच राहिले. जन्मभर ज्याची धास्ती घेतली तेच झालं: सगळ्या खानदानी मंडळींसमोर, गुडघ्यापर्यंत चिखल, अनवाणी. त्याने म्यानातलं वीतभर पातं पुरतं बाहेर काढलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि म्हणाला, "वेतो मागे घेतो." कुणी हसलं नाही. सभापतींनी काठी पुन्हा उभी धरली.

कारभाऱ्याने बूट परत दिले नाहीत. जेवायलाही पुन्हा बोलावलं नाही. पूल मात्र हिवाळ्याच्या आत उभा राहिला, आणि बर्फ फुटायच्या दिवसांत पेत्रोनेला काखेत दुपटं घेऊन त्याच्यावरून चालत गेली. मुलगी झाली. ओनुफ्री पुलावरच ताटकळत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे; बायका आत घेत नव्हत्या.

तिथेच त्याला फ्रेंच मास्तर भेटले. सरदारांच्या पोरांना शिकवायला आलेले, त्या दिवशी सभा माळ्यावरून पाहिलेली, आता कायमचे मायदेशी निघालेले. गाडी थांबवून ते खाली उतरले. त्यांनीच हा शब्द परदेशी नेला असं मी म्हणत नाही, शब्द शंभर वाटांनी जातात. पण पुढे इंग्रज, जर्मन, सगळ्यांच्याच तोंडी वेतो बसला, आणि पॅरिसच्या बाजारातल्या बाया तर लोकांचे ठराव अडवणाऱ्या आपल्या राजालाच वेतो म्हणून चिडवू लागल्या. ते सगळं नंतरचं.

मास्तर त्या दिवशी एवढंच म्हणाले, "क्रोपिव्नित्स्कीसाहेब, आमच्याकडे तुमचा तो शब्द पुस्तकात आहे, तोंडात नाही. राजा बोलतो आणि आम्ही ऐकतो. मी घरी गेल्यावर लोकांना सांगणार आहे, एका अनवाणी माणसाला मी तो बोलताना पाहिलं. चालेल ना?"

ओनुफ्रीने आगाताच्या दाराकडे पाहिलं. दार अजून बंदच होतं. मग तो म्हणाला, "खुशाल सांगा, मास्तर. बोलताना मी बूट घातले होते, तेवढं दुरुस्त करा. आणि म्हणावं, हा शब्द तोंडातून काढायच्या आधी आपल्या घरी जायची वाट कुठून आहे ते नीट बघून ठेवा."