लिओटाबाईनं नवऱ्याला रांगेत अडवलं

लिओटा म्हणजे शिस्तीची बाई. गावचं मतदान चर्चच्या तळघरात व्हायचं अन् एकतीस वर्षं मतपत्रिका द्यायला टेबलामागं तीच. पहाटे उठून प्रार्थना करायची, कडक इस्त्रीचे कपडे घालायची, तिथं जाऊन हात वर करून नियमानं वागायची शपथ घ्यायची. शपथ तिला तोंडदेखली वाटायचीच नाही बरं का. देव ऐकतोय असंच धरून चालायची.

त्या वर्षी शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची निवडणूक. अख्खं गाव दोन तटांत. दहाच्या सुमाराला रांगेतून तिचा नवरा एल्विन पुढं आला. डोक्यावर हिरवी टोपी, तिच्यावर उमेदवाराचं नाव, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत! मतदानाच्या खोलीत प्रचाराचं असलं काही चालत नाही.

"एल्विन, टोपी काढ."

"अगं, मी नवरा आहे तुझा."

"म्हणून तर लाज वाटतेय. काढ."

त्याचा हात वर गेला अन् तिथंच थांबला. उन्हाळ्यात डोक्याचं ऑपरेशन झालेलं. कानापासून माथ्यापर्यंत टाक्यांची रेघ, केस काही परत आले नाहीत. तेव्हापासून चारचौघांत टोपी निघालीच नव्हती. रविवारी प्रार्थनेलाही तशीच, अन् पाद्रीबुवासुद्धा गप्प बसायचे.

लिओटानं डोळेझाक केली असती तर कोण बोलणार होतं? पण तासाभरापूर्वी तिनंच एका पोरीला छातीवरचा प्रचाराचा बिल्ला काढायला लावला होता.

"मग मी घरी जातो," एल्विन म्हणाला. "आजवर एकदाही मत चुकवलं नाही. आज चुकणार, तुझ्यामुळं."

लिओटा जागची हलली नाही.

एल्विन वळला तर मागं हारलन डीट्झ. दुसऱ्या तटाचा. रोज कॉफी पिताना दोघांची जुंपायची. हारलननं आपली मळकी, मक्याचं कणीस छापलेली टोपी काढून पुढं केली.

"ही घाल. बियाण्याच्या दुकानाची आहे. मका काय निवडणुकीला उभा नाही."

"मी तुझ्या माणसाविरुद्ध मत देणार, कळतंय ना?"

"दे की! तू घरी बसलास म्हणून आम्ही जिंकलो, तर त्यात कसली मजा?"

"शी! गोठ्याचा वास येतोय हिला."

"मत द्यायला नाक कशाला लागतंय?" रांग हसली. मग हारलन मागं वळून ओरडला, "ए, सगळ्यांनी जरा झेंड्याकडं बघा रे!"

कोपऱ्यात झेंडा होता. सगळी रांग वळली, म्हातारेकोतारेसुद्धा, अन् एल्विनची टोपी बदलून होईपर्यंत कुणी मान मागं वळवली नाही. लिओटानं समोरच्या यादीत डोकं घातलं. वर पाहिलं तेव्हा मक्याची टोपी समोर उभी.

"नाव अन् पत्ता?" तिनं विचारलं.

"चाळीस वर्षं एका घरात राहतोय, बाई!"

"नाव अन् पत्ता."

"एल्विन ब्रँडवोल्ड. पत्ता तुझाच."

तिनं मतपत्रिका दिली अन् देताना त्याची बोटं जराशी दाबली. एवढं तर नियमातही बसत होतं.

थोड्या वेळानं बाहेरच्या पायऱ्यांवरून हारलनचा आवाज आला, "टोपी दे माझी!" मग एल्विनचा, "थांब रे, ऊन लागतंय!" अन् लिओटानं पुढच्या माणसाला नाव विचारलं.